रुमालात रुमाल

१५ ऑगस्ट १९७२, मंगळवार
स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं. कचेरीत झेंडावंदन, मग चहा. माझ्यापर्यंत येईतो बिस्किटं संपली. साहेब भाषणात म्हणाले की, प्रत्येकाने आपल्या जागी देशासाठी काहीतरी करावं. बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण रोख माझ्यावरच होता हे मला कळलं.
संकल्प: रोजनिशी रोज लिहिणे. रेकॉर्डरूमला शिस्त लावणे. विडी बंद.
विडी सोमवारपासून. आठवड्याच्या मध्येच काही सुरू करू नये.

१७ ऑगस्ट, गुरुवार
काल लिहिलं नाही. काल विचार केला.
आमची कचेरी म्हणजे पाझर तलाव पाहणी कचेरी, मुक्काम पाथर्डी. मी तिचा रेकॉर्ड कीपर. रेकॉर्डरूममध्ये भिंतीला लागून कपाटं, कपाटांत कप्पे, कप्प्यांत रुमाल, रुमालांत फायली. फायलींच्या गठ्ठ्याभोवती मांजरपाट बांधतात त्याला आमच्यात रुमाल म्हणतात. हे सौ. पुष्पावतीला लग्न झाल्यापासून सांगतोय, तरी ती हसते. माझ्या आधीच्या माणसाने जागा पुरेना म्हणून रुमालात रुमाल बांधून ठेवले, कधी त्यातही आणखी एक. वर नावं नाहीत, असली तर चुकीची. मी या खोलीत सहा वर्षं काढली. दोष माझा नाही. मला कुणी नीट करून दिलीच नाही.

२१ ऑगस्ट, सोमवार
विडी बंद.
(संध्याकाळी) मच्छिंद्र टायपिस्टाने स्वतःहून दिली. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

२२ ऑगस्ट, मंगळवार
कान्होबावाडीचे सरपंच सहादेव आले. वाडीच्या ओढ्यावर तलावाची पाहणी मागेच झालेली, नकाशा, जमिनीच्या चढ-उताराच्या लेव्हली, सगळं तयार. ती फाईल आमच्याकडे. ती मिळाली तर तलाव यंदाच्या दुष्काळी कामांत बसतो आणि वाडीला वाडीतच काम मिळतं. नव्याने पाहणी करायला सर्व्हेअर उन्हाळ्यापर्यंत मोकळे नाहीत. फाईल नाही मिळाली तर सगळी वाडी सालाबादप्रमाणे राहात्याकडे ऊसतोडीला.
जाताना दारात घुटमळले. म्हणाले, भाऊसाहेब, सून हाय माझी, चांगुणा. मागल्या खेपंला उसाच्या फडातच बाळंत झाली, पोर हाती लागलं न्हाई. आवंदा मार्गशीर्षात दिस भरत्यात. घरी व्हावी, येवढंच म्हननं हाय.
मी सांगितलं, फाईल शास्त्रीय पद्धतीने शोधली जाईल. ते म्हणाले, शास्त्र ऱ्हाऊ द्या, निस्ती शोधा.
अडाणी माणूस. पण तो गेल्यावर मला चहा गेला नाही. त्या पोरीला मी पाहिलेलंही नाही. संकल्प: ही फाईल मीच शोधून देणार. दसऱ्याच्या कितीतरी आधी.

२३ ऑगस्ट, बुधवार
साहेब म्हणाले, शिपायाला बरोबर घ्या, एका टोकाने सुरू करा, आठवड्यात खोली पालथी घालून होईल.
साहेब इंजिनिअर आहेत, पण जुन्या वळणाचे. मी त्यांना पुण्याचं सांगितलं. मे महिन्यात मेव्हण्याच्या लग्नाला गेलो होतो. शेजारच्या हॉलमध्ये पंखे चालू दिसले म्हणून जाऊन बसलो, तर कॉम्प्युटरवर व्याख्यान. मुंबईचे गृहस्थ होते. म्हणाले, मशीनला डोकं नसतं, ते फक्त सूचना पाळतं. म्हणून सूचना एकदाच नीट लिहायच्या, कार्डावर, आणि त्यांचा संच करून ठेवायचा. त्याला लायब्ररी म्हणतात. लागेल त्याने कार्ड उचलावं. कप्प्यात कप्पा आणि त्यात पुन्हा कप्पा असला तरी तेच कार्ड परत परत लावून मशीन तळापर्यंत जातं आणि एकही कप्पा न चुकवता वर येतं.
मला तिथेच आमची रेकॉर्डरूम दिसली. अंगावर काटा आला. लग्नाची पंगत चुकली ती चुकलीच.
साहेबांना म्हटलं, एक फाईल शोधणं ही हमाली आहे. मी लायब्ररी लिहितो, मग कुठलीही फाईल कुणीही शोधेल. साहेब म्हणाले, काय करायचं ते करा, वीस ऑक्टोबरला नगरला मीटिंग आहे, तिथे कामांची यादी पक्की होते. त्याआधी फाईल माझ्या टेबलावर पाहिजे.
भरपूर वेळ आहे.

२९ ऑगस्ट, मंगळवार
जुन्या कॅलेंडरांचे पुठ्ठे कापून कार्डं केली. सौ.चा आक्षेप, लक्ष्मीचं चित्र मधोमध कापलं. विज्ञानाला कुणीतरी किंमत मोजतंच.
कार्ड पहिलं: कपाट उघड. वरच्या कप्प्यापासून सुरू कर.
कार्ड दुसरं: रुमाल सोड. आत फाईल असेल तर नाव वाच. आत रुमाल असेल तर त्यालाही हेच कार्ड लाव.
कार्ड तिसरं: संपलं की जिथून आलास तिथे परत जा.
अजून बरीच लिहायची आहेत. वाळवी लागलेल्या रुमालाचं वेगळं, उंदराने पिल्लं घातलेल्याचं वेगळं.

८ सप्टेंबर, शुक्रवार
काल पोळा झाला. बैल रोडावलेले, मिरवणूक आटोपती घेतली. पाऊस नाहीच.
सहादेव आले होते. कितीशी झाली, विचारत होते. म्हटलं, कार्डं जवळजवळ पूर्ण. ते म्हणाले, फायलीचं इचारतोय भाऊसाहेब. मी सांगितलं, पाया घातल्याशिवाय भिंत येत नाही. ते तलावाच्या पायाबद्दल बोलायला लागले. मूळ मुद्दा राहिला.

१८ सप्टेंबर, सोमवार
आज पहिली चाचणी. मशीन म्हणून शिपाई भिमाजीची निवड केली. अट एकच: स्वतःचं डोकं लावायचं नाही. भिमाजीने मनापासून मान्य केली. मशीनला त्याल लागतं म्हणाला, म्हणून आधी चहा पाजावा लागला.
कार्ड पहिलं दिलं आणि मी साहेबांकडे मस्टर घेऊन गेलो. जेवणाच्या सुट्टीनंतर येऊन पाहतो तर भिमाजी कपाटासमोर उभा. कपाटाला कुलूप. किल्ली माग असं कार्डात लिहिलेलं नव्हतं.
दोष किरकोळ. कार्ड लिहिलं: कुलूप असेल तर किल्ली माग.

१९ सप्टेंबर, मंगळवार
किल्लीचं कार्ड उत्तम चाललं. पहिला रुमाल सुटला, वाचून झाला. मग भिमाजी दिसेना. तिसऱ्या कार्डाप्रमाणे तो जिथून आला होता तिथे परत गेला होता. म्हणजे घरी. घरून बोलावून आणला. जेवत होता.
मच्छिंद्र हसून लोळला. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. मुंबईच्या गृहस्थांनाही कुणी असंच हसलं असणार.

२७ सप्टेंबर, बुधवार
आज खरा आनंद. मशीन सकाळपासून न थांबता चालू. भिमाजी एका कपाटापासून दुसऱ्याकडे, तिकडून पुन्हा इकडे, हातात कार्ड, चेहऱ्यावर कसलाही विचार नाही. साहेबांना दारातून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. भारावले असावेत.

२८ सप्टेंबर, गुरुवार
कालचा प्रकार असा निघाला.
आमच्याकडे एका रुमालातून कागद काढून दुसऱ्यात नेला की जागेवर चिठ्ठी ठेवतात, अमुक रुमाल पाहावा. एका रुमालातल्या चिठ्ठीने भिमाजीला दुसऱ्याकडे धाडलं. दुसऱ्यातल्या चिठ्ठीने परत पहिल्याकडे. दिवसभर तेच दोन रुमाल सुटत होते आणि बांधले जात होते.
भिमाजी म्हणाला, मला कळत हुतं भाऊसाहेब, पर तुमीच म्हनला डोस्कं लावायचं न्हाई.
दोन तास खिन्न बसलो. पाय दुखतात म्हणून भिमाजी उद्या रजेवर.

३ ऑक्टोबर, मंगळवार
उपाय सुचला, आणि तोही आंघोळ करताना. पाहून झालेल्या रुमालावर खूण करायची. खूण दिसली की तो रुमाल उघडायचाच नाही. मग चिठ्ठी कुठेही धाडू दे, फेरा बसणार नाही. इतकं साधं आहे की मुंबईच्या गृहस्थांनाही कळवावं असं वाटतं. पत्ता नाही.
लाल शाई संपली आहे, मागणीपत्रावर साहेबांची सही नाही. सौ.कडून करंडाभर कुंकू मागून घेतलं. मळक्या मांजरपाटावर कुंकवाचं बोट छान उठून दिसतं.
नवं कार्ड: कुंकू असेल तर पुढे चल.

९ ऑक्टोबर, सोमवार
वेग आला. पहिलं कपाट पूर्ण, दुसऱ्यात हात घातला. एकही रुमाल दोनदा उघडला नाही. साहेबांनी आज पहिल्यांदाच विचारलं, कुठपर्यंत आलं. मी म्हटलं, वीस तारखेच्या आत खोली संपते. हिशेबाने खरंच संपते.
सहादेव आले. ऊसतोडीचा मुकादम वाडीत येऊन गेला म्हणे. माणसं इचारत्यात, जायाचं का ऱ्हायाचं. काय सांगू? मी म्हटलं, राहायचं म्हणून सांगा. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मग पाया पडायला वाकले. मी मागे सरलो. वयाने मोठा माणूस.
फार हलकं वाटलं आज.

१६ ऑक्टोबर, सोमवार
खंडेनवमी. कचेरीत पूजा. टाइपरायटर, लेव्हलच्या दुर्बिणी, साखळ्या, जीप. रेकॉर्डरूमची पूजा माझ्याकडे. यंदा मी मनापासून केली, कारण यंदा तिच्याकडून काम करून घ्यायचंय. कपाटं पुसली, झेंडूच्या माळा लावल्या, आणि एकही रुमाल न वगळता प्रत्येकाला हळदकुंकू वाहिलं. वरच्या कप्प्यांसाठी स्टूल घेतलं. भिमाजी म्हणाला, समद्यांना कशाला, एकाला लावलं तरी पोचतंय. मी म्हटलं, कुठल्या रुमालात फाईल आहे ठाऊक नसताना एखाद्याला वगळणं बरोबर नाही.
मनात कान्होबावाडीचं नाव घेतलं. चांगुणाचंही.
मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, पिठाचे लाडू केले होते मच्छिंद्रच्या बायकोने. रंग लाल, चव पिठाचीच, पण गोड होते.

१८ ऑक्टोबर, बुधवार
दसऱ्यानंतर आज मशीन पुन्हा सुरू. आणि काय सांगू. तिसरं, चौथं, पाचवं, सगळी कपाटं भिमाजीने चहाच्या आत संपवली. कुठेच अडखळला नाही. कार्ड लावायचा, पुढे चलायचा. शेवटच्या कपाटाचं दार लावून समोर उभा राहिला. संपलं म्हणाला.
माझाच विश्वास बसेना. पुण्यात म्हणाले होते तसंच, आधी मशीन रांगतं, मग एकदम धावतं.
फाईल मात्र मिळाली नाही. त्याचं वाईट वाटतं, पण आता नक्की झालं की फाईल या कचेरीत नाही. नसलेली वस्तू नाही असं खात्रीने सांगता येणं हेही काही कमी नाही.
साहेबांना लेखी दिलं: संपूर्ण अभिलेख पद्धतशीर तपासला, सदर फाईल उपलब्ध नाही. साहेबांनी दोनदा विचारलं, सगळे रुमाल पाहिले? मी म्हटलं, प्रत्येकावर खूण आहे, येऊन बघा. त्यांनी येऊन पाहिलं. खूण होती.

२० ऑक्टोबर, शुक्रवार
साहेब नगरहून आले. कान्होबावाडीच्या जागी दुसऱ्या गावचा तलाव यादीत गेला.
सहादेव कचेरीबाहेर बसून होते. मीच जाऊन सांगितलं. रागावले नाहीत. रागावायला हवे होते. म्हणाले, न्हाई तर न्हाई, तुमी तरी काय करनार. मग म्हणाले, मी समद्यांला ऱ्हावा म्हनून सांगितलं हुतं.
मी आत येऊन कार्डं नीट रचून ठेवली.

२८ ऑक्टोबर, शनिवार
सकाळी कचेरीवरून ऊसतोडीवाल्यांच्या बैलगाड्या गेल्या. कान्होबावाडीच्या होत्या. गाड्यांत पाचटाच्या झोपडीचे बांबू, हंडे, कोंबड्या. एका गाडीत एक पोरगी गोधड्यांवर बसली होती, एक हात पोटावर, दुसऱ्याने गाडीचा दांडा धरलेला. तीच चांगुणा असावी. सहादेवांनी हात जोडले. मीही जोडले.
सबंध दिवस मला काही करता आलं नाही.

३१ ऑक्टोबर, मंगळवार
लायब्ररीबद्दल नगरला अहवाल पाठवायचं ठरवलं. पद्धत यशस्वी झाली हे नाकारता येणार नाही. निकाल प्रतिकूल आला, एवढंच. परवा कच्चा मजकूर लिहीन.

६ नोव्हेंबर, सोमवार
काल लक्ष्मीपूजन. सौ.ने कुंकवाचा करंडा रिकामा कसा, विचारलं. मी खुणेची सगळी हकिकत समजावून सांगितली. ऐकता ऐकता पणतीत तेल घालत होती. म्हणाली, अहो, पण खंडेनवमीला तुम्ही सगळ्यांनाच कुंकू लावलंत ना? मग पाहिलेला कुठला आणि न पाहिलेला कुठला, हे भिमाजीला कसं कळलं?
बायकांना पद्धतीतलं कळत नाही.
आज कचेरी बंद. जेवलो, झोपलो. झोप लागली नाही.

८ नोव्हेंबर, बुधवार
कचेरी उघडल्या उघडल्या एकटाच रेकॉर्डरूममध्ये गेलो. भिमाजीला घेतलं नाही. तिसऱ्या कपाटातल्या रुमालांवर कुंकू होतं आणि गाठींवर बोटभर धूळ. गाठ सोडली की धूळ झडते. कुणीच सोडली नव्हती.
कार्ड घेतलं नाही. एका टोकाने नुसते सोडत गेलो. दुपारपर्यंत मिळाली. मधल्या कप्प्यात, रुमालात रुमाल, त्यातल्या आतल्या रुमालात. तलाव, कान्होबावाडी. नकाशा कोराकरकरीत.
म्हणजे माझा अंदाज बरोबर होता, रुमालात रुमालच होता. दुसरं कार्ड जसंच्या तसं लागू पडलं असतं. जमिनीवर बसून हे दोन-तीनदा स्वतःला सांगितलं. मग रडू आलं. भिमाजी दारात येऊन उभा राहिला आणि परत गेला.
साहेबांना फाईल दिली. त्यांनी माझं लेखी काढून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जीप काढायला सांगितली. नगरला निघाले.

१४ नोव्हेंबर, मंगळवार
मंजुरी आली. एवढ्या लवकर. दुष्काळामुळे वरचे लोक सह्या करायला बसलेलेच आहेत, फाईल पाहिजे, एवढंच होतं. खास बाब म्हणून काम मंजूर. महिनाअखेर वाडीचे मजूर हजर राहिले तर सुरू, नाही तर रक्कम दुसऱ्या कामाकडे.
मी म्हटलं, राहात्याला निरोप धाडू. साहेब म्हणाले, हंगाम सुरू झाल्यावर मुकादम एकालाही सोडत नाही, हे तुम्हाला मी सांगायचं? तरी वाडीत जाऊन नोटीस लावून या, नियम आहे.
माझं मत, साहेब उगाच निराशावादी आहेत. थोडे तरी लोक मागे राहिलेच असतील. उद्या लवकरची एसटी.

१५ नोव्हेंबर, बुधवार
फाट्यावर उतरून चालत गेलो. वाडीत दारांना बाभळीच्या फांद्या लावलेल्या. कुत्रीसुद्धा फारशी नाहीत, गाड्यांमागे गेली असावीत. चावडीवर नोटीस डकवली आणि कुणी नव्हतं तरी मोठ्याने वाचून दाखवली, कारण तसा नियम आहे.
आवाजाने एक म्हातारी आली. झुंबरबाई, सहादेवांची आई. अंगाखांद्यावर दोन लहान नातवंडं, मागे शेळी. नोटीस पुन्हा वाचायला लावली. पुरती ऐकून म्हणाली, सापडली म्हना की. माझं पोरगं सांगत हुतं, भाऊसाहेब लई झटतोय.
मी नोटिशीचा सुटलेला कोपरा पुन्हा दाबून बसवला.
मग तिने विचारलं, खंदायला कोन लागतंय?
मी म्हटलं, वाडीचेच लोक.
म्हणाली, वाडी तर उसात हाय. आता मी हाय, ही लेकरं हाईत. मी येती, पर घमेलं उचलंल का न्हाई माझ्यानं, सांगता येत न्हाई.
थट्टा करत नव्हती. मस्टरात नाव घालायचं म्हणून अंगठ्याची धूळ लुगड्याला पुसून तिने हात पुढे केला. मी मस्टर पिशवीतून काढलंच नाही.
चांगुणाचं विचारलं. म्हणाली, गेली की. ऱ्हाऊन काय खाईल? देव हाय तिकडंबी.
हंड्याच्या तळचं पाणी दिलं. मला प्यावं लागलं.

१ डिसेंबर, शुक्रवार
साहेबांनी सकाळी कान्होबावाडीची फाईल मागवली. मी उठलो, कपाट उघडलं, वरचाच रुमाल सोडला, आणि त्यांनी चष्मा पुसून डोळ्यावर चढवायच्या आत फाईल टेबलावर ठेवली. नोकरीला लागल्यापासून असं कधी झालं नव्हतं. मच्छिंद्रही बघत राहिला.
साहेबांनी शेवटच्या पानावर लिहिलं: मजूर उपलब्ध नाहीत, सबब काम रद्द. सही केली. शाई वाळेपर्यंत फाईल उघडी धरून बसले. मग मला म्हणाले, शाबास, आता फाईल अशी हाताशी पाहिजे.
मी हो म्हणालो. फाईल तिच्या जागी ठेवली. रुमाल बांधला, गाठ बसेना. सोडून पुन्हा बांधली.